किलोवॅटला अनुदान, युनिटांचा हिशेब कोण ठेवणार?

संपादक महोदय,

छपरावर सौर पॅनेल बसवायचे म्हटले की गोव्यात दोनच प्रश्न विचारले जातात: सरकार किती देते आणि बिल किती उतरते. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार रुपये मिळतात. म्हणजे तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटच्या घरगुती यंत्रणेला 78 हजार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन पावसाळे गेले की बदलते, आणि त्याबद्दल ना जाहिरातीत काही असते ना विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये.

गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरून येते, त्यात कोरबा आणि विंध्याचलसारख्या कोळशावरच्या केंद्रांचा मोठा वाटा आहे. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नीट बसवलेली तीन किलोवॅटची यंत्रणा इथे वर्षाला चार हजारांच्या वर युनिटं देते, म्हणजे जवळपास तीन टन वायू वाचतो. वाचतो तो युनिटांमुळे. अनुदान मात्र किलोवॅटवर ठरते आणि यंत्रणा सुरू झाली की एकदाच मिळते. पुढे ती अर्ध्या ताकदीने चालली तरी सरकारी आकड्यांत ती तीन किलोवॅटच राहते.

ताकद जाते कुठे? सुरुवात लोखंडापासून करावी लागते. पॅनेलचे आयुष्य 25 वर्षे सांगतात, पण ते ज्या सांगाड्यावर उभे असते तो समुद्रकाठच्या कांदोळी, कोलवा, मोरजीकडे सहा-सात वर्षांत पोखरतो. कारण साधे आहे. सांगाडा कापून, भोके पाडून, वेल्डिंग करून झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवला तर त्यावर 80 मायक्रॉनच्या आसपास थर बसतो. बाजारात तयार मिळणाऱ्या चौकोनी जीपी (जस्ताचा पातळ मुलामा दिलेल्या पत्र्याच्या) पाइपवर दोन्ही बाजूंना मिळून चौरस मीटरला 120 ग्रॅम जस्त असते. एका बाजूचा थर भरतो साडेआठ मायक्रॉन. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. त्यात हा पाइप छपरावर नेऊन ग्राइंडरने कापला की कापलेल्या तोंडाशी जस्त उरतच नाही. वरून चंदेरी रंगाचा फवारा मारतात, फोटो छान येतो. टोकाला प्लास्टिकचे बूच नसेल तर पावसाचे पाणी आत साचते आणि पाइप आतून कुजतो. बाहेरून कळते तेव्हा पॅनेल झुकलेले असते.

नटबोल्टचेही तेच. समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत 316 प्रतीचे स्टेनलेस लागते, कारण त्यातले मॉलिब्डेनम मिठाला दाद देत नाही. बहुतेक ठिकाणी 304 लावतात, आणि हिशेब जमला नाही तर साधे जस्ताचा मुलामा दिलेले. पॅनेलची चौकट अॅल्युमिनियमची, सांगाडा लोखंडी, मध्ये खारट ओल. दोन धातूंमध्ये रबरी किंवा नायलॉनची चकती नसेल तर गंज जास्त वेगाने चढतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वाऱ्याने काय होते ते सगळ्यांनी पाहिले आहे. तसा वारा आला की पॅनेल धरून ठेवणारा दोन इंचाचा क्लॅम्पच शेवटी कामाला येतो.

तपासणीला येणारे वीज खात्याचे कर्मचारी मीटर, अर्थिंग आणि पॅनेलचे अनुक्रमांक पाहतात. पॅनेल आणि त्यातले सेल देशी बनावटीचे असावेत ही अट असल्याने अनुक्रमांक योजनेच्या पोर्टलवर चढवावेच लागतात. जस्ताचा थर मोजायचे खिशात मावणारे मीटर काही हजारांत मिळते. प्रत्येक उपविभागाला एक दिले आणि चार ठिकाणचे वाचन अहवालात भरणे सक्तीचे केले, तर फवाऱ्याचा उद्योग महिनाभरात थांबेल.

अर्थिंग कधी मोजले यावरही बरेच अवलंबून आहे. आपली जमीन जांभ्याची. ऑगस्टमध्ये ती भिजलेली असते आणि खड्ड्याचा रोध तीन-चार ओम दाखवतो. तोच खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडून कितीतरी वर जातो. आणि वळवाच्या विजा कडाडतात त्या नेमक्या तेव्हाच. त्यामुळे पावसाळ्यात बसवलेल्या यंत्रणेचे अर्थिंग पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजायला हवे. डीसी (पॅनेलकडच्या) बाजूचे, एसी (घराकडच्या) बाजूचे आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचे असे तीन वेगळे खड्डे लागतात. एकाच खड्ड्याला तिन्ही तारा बांधून मोकळे होणारे कमी नाहीत. डीसी पेटीत विजेचा अचानक आलेला लोंढा अडवणारा सर्ज प्रोटेक्टर असतो, त्याची छोटी खिडकी हिरवी असते. ती लाल झाली की तो कामातून गेला, पण यंत्रणा चालूच राहते म्हणून कुणी बघत नाही. आकाशातली पुढची वीज सरळ इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारे यंत्र, घेऊन जाते. या पेट्यांत केबल नेहमी खालून, ग्लँड (भोक घट्ट बंद करणारी बुचाची कडी) लावूनच घ्यावी. वरून घेतली की पाणी शिरते, भोक उघडे ठेवले की मुंग्या आणि पाली. जळलेल्या पेट्यांत सापडणाऱ्या पालींची संख्या पाहता त्यांच्यासाठी वेगळी योजना काढावी लागेल.

आता दुपारच्या विजेबद्दल. ऐन बारा ते दोनच्या कडक उन्हात इन्व्हर्टर बंद पडतो आणि पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असे येते, ही तक्रार गावागावांतून वाढते आहे. घरात त्या वेळी एक फ्रिज चालू असतो, बाकी सगळी वीज बाहेर ढकलायची असते, आणि ती ढकलायला इन्व्हर्टरला लाइनपेक्षा थोडे जास्त व्होल्टेज ठेवावे लागते. 230 च्या वर दहा टक्के, म्हणजे 253 व्होल्ट झाले की तो नियमाप्रमाणे सुटतो, काही वेळ थांबतो, पुन्हा जोडला जातो, पुन्हा सुटतो. वाडा ट्रान्सफॉर्मरपासून लांब असेल आणि शेजारची निम्मी घरे मुंबईकडच्या वा परदेशातल्या मालकांची म्हणून वर्षभर बंद असतील, तर वीज खपणारच कुठे? ग्राहकाला वाटते पॅनेल खराब आहे.

निम्म्या वेळा दोष घरातल्याच केबलचा असतो. छपरावरून मीटरपर्यंत 40 मीटर अंतर असेल आणि 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली असेल, तर तीन किलोवॅटच्या 13 अँपिअरला जाऊन-येऊन पाच व्होल्ट तिथेच चढतात. 10 चौरस मिलिमीटरची टाकली तर दोनच्या आत. फरक काही हजार रुपयांचा, पण कोटेशनमध्ये ‘आवश्यक ती केबल’ एवढेच लिहिलेले असते. घरातले सगळे ठीक करूनही व्होल्टेज चढे असेल तर काम वीज खात्याचे: तिन्ही फेजवर सौर घरांची वाटणी सारखी करणे, ट्रान्सफॉर्मरला टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) असेल तर एक पायरी उतरवणे. अडीच टक्के म्हणजे जवळपास सहा व्होल्ट तेवढ्याने कमी होतात. याउलट काही विक्रेते इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये शिरून मर्यादाच 270 वर नेऊन ठेवतात. तक्रार मिटते, आणि शेजाऱ्याचा फ्रिज जातो. फेब्रुवारी 2024 च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनुसार दहा किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक पाहणीशिवाय मंजूर धरले जातात, आणि पाच किलोवॅटपर्यंत लागणारी लाइनची सुधारणा वीज वितरकाने स्वतःच्या खर्चाने करायची आहे. पाहणीच नसल्यामुळे कुठला ट्रान्सफॉर्मर भरत आला हे अर्जाच्या वेळी कळत नाही. स्वच्छ उन्हाच्या दुपारी एक वाजता लाइनच्या शेवटच्या खांबावरचे व्होल्टेज दर महिन्याला नोंदवले तरी ते कळेल.

छपरांची गोष्ट वेगळी. साडेपाचशे वॅटच्या आसपासचे एक पॅनेल 28 ते 32 किलोंचे असते, तीन किलोवॅटला सहा लागतात. मंगळुरी कौलांखालच्या रिपा हे वजन आणि वाऱ्याची ओढ पेलत नाहीत. हूक वाशालाच अडकवावा लागतो, आणि त्याआधी वाशाला टोचा मारून वाळवी पाहावी लागते. जुन्या घराच्या कौलांवर चढवण्यापेक्षा मागच्या परसात किंवा गॅरेजच्या पत्र्यावर बसवणे बहुतेक वेळा शहाणपणाचे. पत्र्यावर स्क्रूखाली ईपीडीएम रबराची चकती हवी आणि स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर हवा, खोलगट भागात नाही. विक्रेता पाच वर्षे देखभाल करायला बांधील असतो, पण गळतीचा उल्लेख करारात आहे का तेवढे वाचून घ्यावे.

माडाची सावली लोक हलक्यात घेतात. सहा पॅनेल एका माळेत जोडलेली असतात आणि प्रत्येकात सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे तीन बायपास डायोड असतात; एका चुडताची सावली पॅनेलवर पडली तरी त्याचा एक तृतीयांश भाग गळू शकतो, चार पॅनेलवर पडली तर दुपार वाया. गोव्यात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून डिसेंबरात पाहणी करणाऱ्याला उत्तरेचा माड निरुपद्रवी वाटतो. पॅनेलचा उतार दक्षिणेला 10 ते 15 अंश पुरे. पाचच अंश ठेवला तर पाणी खालच्या चौकटीपाशी थबकते, तिथे शेवाळ धरते आणि खालच्या सेलची रांग झाकते. खाणपट्ट्यात डिचोली-सत्तरीकडे हेच काम तांबडी धूळ करते. ती बोअरच्या लोहयुक्त पाण्याने धुतली तर डाग कायमचे बसतात. पावसाचे किंवा नळाचे पाणी, मऊ फडके, आणि वेळ सकाळी सातच्या आतली. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.

किती युनिटं यायला हवीत हे ग्राहकाला माहीत असायला हवे. तीन किलोवॅटला एप्रिलमध्ये दिवसाला चौदाच्या आसपास, जुलैत सात-आठ. जुलैत निम्मी झाली म्हणून घाबरू नये. एप्रिलमध्ये नऊ येत असतील तर मात्र विक्रेत्याला बोलवावे. हे बिलावरून कळत नाही. नेट मीटर फक्त इम्पोर्ट-एक्स्पोर्ट दाखवते, घरात परस्पर वापरलेली युनिटं त्यात येतच नाहीत. मोबाइलवरचे अॅप घरच्या वायफायवर चालते, आणि वायफायचा पासवर्ड बदलला की इन्व्हर्टर बंद आहे की चालू हेही कळेनासे होते. दर महिन्याच्या एक तारखेला इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा एकूण युनिटांचा आकडा दिनदर्शिकेत लिहून ठेवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. खात्याने जनरेशन मीटरचे (तयार झालेली सगळी युनिटं मोजणाऱ्या मीटरचे) वाचन बिलावर छापले, आणि अनुदानाचा थोडा हिस्सा पहिल्या वर्षाच्या युनिटांवर राखून ठेवला, तर विक्रेता स्वतःहून फोन करील. योजना केंद्राची, त्यामुळे हिस्सा राखण्याचा निर्णय दिल्लीत व्हायला हवा. बिलावर एक ओळ वाढवायला मात्र पणजी पुरेशी आहे.

आणखी एक अडथळा खास गोव्याचा. वीजजोडणी ज्याच्या नावावर त्याच्याच नावे अर्ज, त्याच्याच खात्यात अनुदान. आपल्याकडे जोडणी आजोबांच्या नावावर असते, आजोबा जाऊन 30 वर्षे झालेली असतात, आणि घर पोर्तुगीज नागरी कायद्याच्या वारशाने दहा-बारा वारसांचे. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा दावा, न्यायालयात, एक चुलत भाऊ लिस्बनला, दुसऱ्याचा पत्ता नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्या मुंडकारांचे तर याहून अवघड, कारण भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, ना-हरकत पत्र मागितले जाते. वास्तविक वीज कायदा 2003 च्या कलम 43 मध्ये मालक किंवा ताबेदार, कुणालाही पुरवठा देण्याची तरतूद आहे. त्या आधारे राहत्या माणसाच्या नावे जोडणी बदलून द्यावी, घरपट्टीची पावती आणि ताब्याचे प्रतिज्ञापत्र पुरेसे धरावे, आणि ‘हा मालकीचा पुरावा नव्हे’ अशी ओळ अर्जावरच छापावी. खात्याच्या एका परिपत्रकाने हे होण्यासारखे आहे.

— सौर यंत्रणांची उभारणी व दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ, फोंडा