जेटला हात लावायच्या आधी

प्रिय श्रीधर,

तुझं पत्र कालच मिळालं. गार असताना दुचाकी गुणी, तापली की भकभक, मागे काळा धूर, स्पार्क प्लग काजळलेला आणि टाकी बघता बघता रिकामी. पेट्रोल जास्त होतंय, यात मला तरी शंका नाही. गार इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण दाट, म्हणजे जास्त पेट्रोलचं, लागतंच, म्हणून सकाळी ती चोक (गार इंजिनाला जादा पेट्रोल देणारा खटका) न ओढताही पटकन सुरू होते आणि तुला वाटतं, चला, आज बरी झाली!

कार्बोरेटरमधलं (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातलं) मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य पितळी भोक, एक नंबर लहान टाकू का, असं विचारलंयस. अजिबात नको. इतकी वर्षं त्याच जेटवर गाडी नीट पळाली ना? मेन जेट आपोआप मोठं होत नाही. मधल्या काळात कुणी बदललं किंवा आत स्टीलची तार घालून कोरलं असेल तर गोष्ट वेगळी. पितळ मऊ असतं, भोक सहज मोठं होतं. म्हणून त्यावरचा नंबर मॅन्युअलशी ताडून घे आणि परत जागेवर बसव. खरा दोष तसाच ठेवून जेट लहान केलंस, तर मधल्या रेसवर गाडी तशीच भकभकेल आणि पूर्ण रेसवर मात्र पेट्रोल कमी पडून पिस्टन तापेल.

आधी प्लगची खात्री कर. काजळी कोरडी, बोटाने पुसली जाणारी असेल तर पेट्रोल जास्त. काळा थर ओला, तेलकट, चकचकीत असेल तर ते इंजिन ऑइल आहे. दोष पिस्टनच्या रिंगांत नाहीतर व्हॉल्व्हच्या सीलमध्ये, कार्बोरेटर बिचारा निर्दोष. आणि स्पार्क अशक्त असला तरी पेट्रोल नीट जळत नाही, प्लग तसाच काळा पडतो. त्यामुळे नवा प्लग, प्लगची कॅप आणि पॉइंटचा (स्पार्क पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप आधी बघून घे. जुन्या गाडीत निम्मे ‘कार्बोरेटरचे’ दोष तिथेच सापडतात, असं माझं मत आहे.

मग ॲक्सिलरेटरच्या मुठीवर चिकटपट्टी लावून खुणा कर: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. नेमकी कुठे भकभकते ते टिपून ठेव. साधारण आठव्या भागापर्यंत पायलट जेट (रेस न देता, म्हणजे आयडलिंगला, पेट्रोल देणारं बारीक जेट) आणि त्याच्या स्क्रूचं राज्य असतं, तिथून पावापर्यंत स्लाइडच्या (मूठ फिरवली की वर सरकणाऱ्या झडपेच्या) कापाचं, पाव ते पाऊण नीडलचं (त्या स्लाइडला लटकलेल्या निमुळत्या सुईचं) आणि त्यापुढे मेन जेटचं. सगळीकडेच दाट चालत असेल तर दोष या कुठल्याच जागी नाही. फ्लोट (कार्बोरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग), चोक किंवा एअर फिल्टर बघायचा. प्लगचा रंग बघायचा तर त्याच रेसवर थोडं अंतर पळवून, क्लच दाबून, तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं (रस्ता मोकळा बघून, हे सांगायला नकोच) आणि मग प्लग काढायचा. घरापर्यंत हळूहळू येऊन काढलेला प्लग फक्त आयडलिंगची हकिगत सांगतो.

एअर फिल्टर सोपा आहे, तो आधी बघ. वजनात मोजलं तर एक भाग पेट्रोल पुरतं जळायला जवळपास 14.7 भाग हवा लागते. फिल्टर तुंबला की हवा घटते, पेट्रोल मात्र येतच राहतं. फिल्टर काढल्यावर गाडी सुधारली तर पेट्रोल जास्त होतंय हे निदान पक्कं झालं. पण तशीच फिरवू नकोस, धूळ थेट सिलिंडरमध्ये जाईल.

चोकची परीक्षा त्याहून सोपी. इंजिन तापल्यावर चोक ओढ. गाडी गुदमरून बंद पडायला आली तर चोक बहुधा ठीक आहे. काहीच फरक पडला नाही तर तो आधीपासूनच उघडा आहे. चोकच्या प्लंजरच्या टोकाला रबर असतं. ते कडक होतं, त्याला खळगा पडतो आणि ते नीट बसत नाही. केबल ताणलेली असली तरी प्लंजर किंचित वर राहतो.

माझा खरा संशय फ्लोटवर आहे, कारण तुझ्या गाडीला उभ्या उभ्या पेट्रोलचा वास येतो. वाटीच्या खालच्या नळीला पारदर्शक पाइप लाव, तो वाटीशेजारी उभा धर आणि ड्रेनचा स्क्रू सैल कर. आतली पातळी बाहेर दिसते. ती वाटीच्या जोडाच्या वर गेली असेल तर नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट वर आला की पेट्रोल थांबवणारी झडप) उघड. त्याच्या टोकाला गोल कंगोरा पडलेला दिसला तर तो बाद. पितळी फ्लोट कानाशी धरून हलव. आत खळखळ ऐकू आली तर भोक पडलंय. उंची मोजताना एक गोम लक्षात ठेव: कार्बोरेटर उलटा धरून मोजायचं असल्यामुळे फ्लोटची उंची जास्त भरली तर पेट्रोलची पातळी कमी होते. भले भले तिथे फ्लोटची जीभ (नीडल व्हॉल्व्हला दाबणारी पट्टी) उलटी वाकवून बसतात. जीभ व्हॉल्व्हच्या पिनेला नुसती टेकली पाहिजे, आतली स्प्रिंग दबता कामा नये.

मधल्याच रेसवर त्रास असेल तर नीडल आणि ती ज्यात वरखाली होते ते नीडल जेट बघ. हे मात्र खरंच झिजतं. ते काढून उजेडासमोर धर. भोक गोल न राहता लांबट दिसलं की जोडीच बदलायची. नीडलची क्लिप एक खाच वर सरकवली की नीडल खाली बसते आणि पेट्रोल कमी होतं खरं, पण झिजलेल्या जोडीवर ती मलमपट्टीच. आणि आयडलिंगचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठल्या बाजूला आहे ते बघ. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की दाट.

तुझ्या पेट्रोलच्या कॉकला (टाकीखालच्या तोटीला) इंजिनाकडून येणारा व्हॅक्यूमचा बारीक पाइप आहे का? असेल तर तो काढून हुंग. आत पेट्रोल दिसलं तर कॉकचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल कार्बोरेटरला वळसा घालून थेट इंजिनात जातंय. मग कार्बोरेटर कितीही वेळा खोल.

हे सगळं सावकाश कर, पण एक काम आजच कर. ऑइलची कांडी काढून वास घे. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर गाडी सुरूच करू नकोस. तसलं पातळ ऑइल बेअरिंगला जपत नाही. गळतीचं कारण काढल्यावर ऑइल बदल, आणि तोवर उभी करताना कॉक आठवणीने बंद ठेव.

पाइपमध्ये पातळी कुठे दिसली आणि मुठीच्या कुठल्या खुणेवर भकभकते, एवढं कळव. नीडल बदलायची का नाही, ते त्यावर ठरवू.

तुझा,
विनय