यंदा वाणाऐवजी मीटरभर सुती कापड द्या : ॲप्रनसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

गंगाखेडच्या आपल्या बचत गटाचे शिवणकेंद्र काय करते, हे गावाला नव्याने सांगायला नको. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंसाठी मोठे आणि अंगणवाडीतल्या लेकरांसाठी छोटे ॲप्रन आपण शिवतो, एक पैसा न घेता. यंदा मोठे ८० आणि छोटे १५० शिवायचे आहेत. कपाट मात्र रिकामे आहे.

आधी ऋण मानायचे ते जुन्या दात्यांचे. निवृत्त गुरुजींनी आईची पायमशीन दिली. लाइट गेली की केंद्रात आजही तिचाच आवाज असतो. कापडवाल्या काकांनी ठाणांचे शेवटचे तुकडे मोजमाप न करता दिले आणि वर रिळांचा डबा ठेवला. पुण्याला नोकरीला असलेल्या आपल्या लेकींनी दोन वर्षे व्हेल्क्रो आणि सुया पाठवल्या. ब्लाउज शिवणाऱ्या आक्कांनी स्वतःची गिऱ्हाइके थांबवून उरेब (तिरप्या कापाच्या) पट्ट्या कापून दिल्या, वर ‘नाव छापू नका’ म्हणाल्या. म्हणून छापत नाही, पण गावाला ठाऊक आहे.

गेल्या वेळी मात्र घरोघर कागद वाटला, तेव्हा आली नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्यांची गाठोडी. बोलू नये, पण अडगळ रिकामी करणे म्हणजे दान नव्हे. चुलीपुढे पॉलिस्टर पेट घेते, वितळते आणि कातडीला चिकटते. टेरिकॉटमध्येही पॉलिस्टर मिसळलेले असते, म्हणून तोच धोका. आपण कापूस पिकवणारी माणसे. ॲप्रनला सुती कापड मिळू नये?

कापड कोणते? मोठ्यांसाठी केसमेंट किंवा ड्रिल, म्हणजे जाडसर सुती कापड, ५८ पन्ना (५८ इंच रुंदीचे). एका मीटरमध्ये शेजारी शेजारी दोन बसतात: प्रत्येकी कापताना ३७ बाय २८ इंच, शिवून ३४ बाय २६. छातीवर रुंदी १० इंच, काखेचा गोल १० इंच खोल. कापड आधी रात्रभर भिजवून वाळवायचेच. न भिजवता शिवले की पहिल्या धुण्यात आटते, शिलाई आकसते आणि कड वर वळते. गडद लाल-निळे देऊ नका, रंग सुटतो.

काखेचा गोल नुसता दुमडून शिवला की झोळ येतो, कारण तिथे कापड तिरपे ताणले जाते. त्यासाठी दोन इंची उरेब पट्टी आतून लावून तिचाच नेफा करायचा. त्यातून पाऊण इंची सुती टेप पावणेतीन मीटर ओवला की गळा आणि कंबर एकाच टेपने बांधता येते, मग उंच-बुटकी, जाड-बारीक कुणालाही तोच ॲप्रन. गोल नाडी नको, मानेला काचते. काखेतून निघालेल्या तुकड्यात छोट्या ॲप्रनचा पाच इंची खिसा निघतो. खिशाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांना त्रिकोणी टीप हवीच. फाटायला सुरुवात तिथूनच होते.

लेकरांच्या गळ्यात बांधायची दोरी आपण कधीच ठेवत नाही. खेळताना कुठे अडकली तर फास बसतो. गळ्याला आणि कमरेला कापडी पट्टी आणि दोन-दोन इंच व्हेल्क्रो, म्हणजे ओढले की सुटते. काटेरी बाजू बाहेर, मऊ बाजू कातडीकडे. उलटे लागले तर पोर ॲप्रन अंगावर ठेवतच नाही. धुताना व्हेल्क्रो बंद करायला सांगा, नाहीतर त्यात दोरे भरतात आणि पकड जाते. छोट्यांचे कापड ४४ पन्ना: २२ बाय २० चे तुकडे, दोन मीटरमध्ये सहा, आणि उरलेल्या बारा इंचांत पट्ट्या.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला प्लॅस्टिकचे डबे वाटण्याऐवजी यंदा तेवढ्याच पैशाचे कापड किंवा टेप द्या, ही विनंती. घरोघर आधीच किती डबे पडलेत, सगळ्यांना माहीत आहे.

हवे ते: ५८ पन्ना ४० मीटर, ४४ पन्ना ५० मीटर, उरेब पट्ट्या आणि मोठ्या ॲप्रनच्या खिशांसाठी आणखी ५ मीटर, सुती टेप २२० मीटर, व्हेल्क्रो १६ मीटर, १४ आणि १६ नंबरच्या सुया, पांढरी रिळे, पायमशीनचा पट्टा एक. रोख दिल्यास पावती मिळेल. रथसप्तमीच्या आत केंद्रात दुपारी २ ते ५, सोमवार बंद. लग्नसराई लागली की बायकांच्या मशिनी ब्लाउजात अडकतात, मग ॲप्रन थेट पावसाळ्यावर जातात. म्हणून एवढी घाई. शिवायला येणाऱ्यांनी बॉबिन केस स्वतःची आणावी.

आपली,
सचिव, शिवणकेंद्र

ता. क. : केंद्राची मोठी कात्री कुणी कागद कापायला नेली असेल तर परत आणून द्यावी. धार लावून घेऊ, विचारणार काही नाही.