डाळ शिजत नाही साहेब: पाणीपुरवठा मंत्र्यांना नागपूरहून खुलं पत्र

मा. पाणीपुरवठा मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी नागपूरची. आमची वस्ती रिंग रोडच्या बाहेर आहे, अकरा वर्षांपूर्वी प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा फक्त बोअर होती, मग नळ आला आणि सगळ्यांना वाटलं चला, आता सुटलो. पण नळालाही येतं ते बोअरचं आणि विहिरीचंच पाणी, टाकीत चढवून, क्लोरीन टाकून. वास नाही, गढूळ नाही, जंतूंची तक्रार माझी नाहीच. माझी तक्रार एवढीच आहे की हे पाणी इतकं जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार इतके आहेत, की त्यात तुरीची डाळ शिजत नाही.

तुम्हाला वाटेल मंत्र्याला काय डाळीचं पत्र लिहिते ही बाई. पण आमच्या विदर्भात रोज वरण लागतं साहेब, आणि सात-आठ शिट्ट्या झाल्यावर झाकण उघडलं की पाणी वर, डाळ खाली, दाणा बोटानं दाबला तर आत कचकच. बरीच वर्षं मी दुकानदारालाच दोष देत होते. मग या मे महिन्यात बहिणीकडून, ती प्रतापनगरला राहते, तिच्याकडे पेंच नदीच्या धरणाचं पाणी येतं, पाच लिटरची कॅन भरून आणली. एकाच पिशवीतली डाळ, वाटी-वाटी मोजून, एकच कुकर, आधी आमचं पाणी आणि मग तिचं. तिच्या पाण्यात चार शिट्ट्यांत डाळ अशी गळली की रवीसुद्धा लागली नाही. आमच्या पाण्यातली परत गॅसवर चढवली. कारण साधं आहे, दाण्याला धरून ठेवणारं पेक्टिन शिजताना सुटावं लागतं आणि पाण्यातलं कॅल्शियम त्याला सुटूच देत नाही. उपाय म्हणून सगळ्या बायका चिमूटभर खायचा सोडा टाकतात, मीही टाकायची, पण सासूबाईंना बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ आणि सोडा दोन्ही कमी करायला सांगितलंय. मग त्यांचं वरण वेगळं, कॅनच्या पाण्यातलं.

मी पाणी तपासून घेतलं. जानेवारीत जडपणा लिटरला 410 मिलिग्रॅम होता, मे मध्ये 480. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की वाढतो. आता 480 म्हणजे किती ते आधी मलाही कळलं नव्हतं, मुलानं वहीत हिशोब करून दाखवला. माणशी 135 लिटर धरलं तर आम्हा चौघांना रोज 540 लिटर पाणी लागतं, त्यात चुनखडीच्या हिशोबानं पाव किलोच्या वर क्षार होतात. रोज. तो सगळाच काही घरात राहत नाही, बराचसा नालीत जातो, पण जिथे पाणी तापतं किंवा सुकतं तिथे तो बसतोच.

कूलरचं सांगते, कारण मुंबईत बसून हे लक्षात येणार नाही. नागपुरात पारा 45 च्या वर जातो तेव्हा कूलर ही काही चैन नाही, त्याच्याशिवाय म्हातारं माणूस झोपू शकत नाही. आमचा कूलर मे मध्ये दिवसाला 50 लिटरच्या आसपास पाणी पितो. पाणी हवेत उडून जातं, क्षार मात्र उडत नाही, तो ताट्यांवर, म्हणजे कूलरच्या गवताच्या जाळ्यांवर, बसतो. महिन्याला पाऊण किलोच्या जवळपास होतो बघा. दरवर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास नवीन ताट्या लावतो, जून लागेपर्यंत त्या पापडासारख्या कडक झालेल्या असतात, हात लावला की पांढरा भुगा पडतो आणि हवा आत येतच नाही, आणि नेमकं तेव्हाच ऊन सगळ्यात जास्त असतं. पंपही जाम होतो. शेजारच्या काकू एकट्या राहतात, रात्री अकरा वाजता टॉर्च धरून पंपाची जाळी ब्रशनं घासत बसलेल्या मी पाहिल्या आहेत, वय 71.

गिझरची कॉइल दोनदा बदलली. साबणाचा फेस होत नाही, उलट कॅल्शियमशी मिळून चिकट साय होते, ती कपड्यांत, केसांत बसते, भांडेवाली ताई म्हणते तुमच्याकडे साबण डबल लागतो. प्यायला आरओ आहे, तो एक लिटर पाणी गाळायला दोन-तीन लिटर नालीत सोडतो, तेही टँकर फिरणाऱ्या वस्तीत. ज्यांची ऐपत आहे त्यांनी मिठावर चालणारं सॉफ्टनर, म्हणजे पाणी हलकं करणारं यंत्र, बसवलंय, पण ते यंत्र धुतलेलं खारट पाणी परत जमिनीतच मुरतं आणि तिथूनच आम्ही पाणी उपसतो, म्हणजे घराघरानं आपापला उपाय करणं हा उपाय नाही. भाड्याच्या खोल्यांत राहणारे तर तेही करू शकत नाहीत.

लोक मुतखड्याचंही बोलतात, पण मी पाण्यावर तो आरोप करणार नाही, जागतिक आरोग्य संघटनेनंही जडपणासाठी आरोग्याची म्हणून मर्यादा ठरवलेली नाही. जे मला माहीत आहे तेवढंच लिहिते.

आता मुख्य गोष्ट. मी रिपोर्ट घेऊन संबंधित कार्यालयात गेले तेव्हा मला सांगितलं की मॅडम, 600 पर्यंत चालतं, पाणी पिण्यायोग्य आहे. मी घरी येऊन पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक वाचलं. आयएस 10500, 2012 चं. त्यात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा 200 आहे. 600 चा रकाना वेगळा आहे आणि त्याच्या डोक्यावर स्पष्ट लिहिलंय की दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर. म्हणजे 600 ही नाइलाजाची मर्यादा आहे साहेब, नाइलाज असेल तरच वापरायची. आमच्या घरापासून अडीच किलोमीटरवर पेंचच्या पाण्याची टाकी उभी आहे, मग आमचा नाइलाज कसला?

पेंचचं पाणी सगळ्यांना पुरणार नाही, शेतीलाही द्यायचं असतं, हे मी समजते. म्हणून पूर्ण पाणी द्या असं म्हणतच नाही. निम्मं मिसळून द्या, नदीचं पाणी हलकं असतं, मिसळलं की जडपणा आपोआप उतरतो, त्याला कुठलं नवीन मशीन लागत नाही, जोडणारी पाइपलाइन लागते. बाराही महिने जमत नसेल तर निदान मार्च ते जून. आणि दर महिन्याचा जडपणाचा आकडा टाकीच्या भिंतीवर लिहून लावा, नुसता टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा आकडा, नको, त्यात मीठही मोजलं जातं, त्यावरून डाळ शिजेल की नाही ते कळत नाही. आणि जिथे दुसरा स्रोत आहे तिथे 600 चा दाखला देऊन लोकांना परत पाठवू नका, असं लेखी काढा.

दोन्ही रिपोर्ट आणि मानकाच्या त्या पानाची झेरॉक्स मी फाइलमध्ये लावून ठेवली आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपुरात याल, तेव्हा घेऊन येते. पाच मिनिटं वेळ द्या.

आपली,
रिंग रोडबाहेरची एक रहिवासी, नागपूर