ओहायो नदीच्या पलीकडे: ग्रंथपाल ताईंना पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

संदर्भ विभागातला ॲटलस घरी न्यायचा नाही, हा नियम तुमचाच. म्हणून वाचनालय बंद व्हायची वेळ टळून गेल्यावरही तुम्ही मला तो उघडून बसू दिलात, त्याचे आभार आधी.

मी मागितलं होतं ते साधंच होतं. गुलामीतून पळालेला माणूस शेवटी सुटतो, अशी एखादी कादंबरी द्या. तुम्ही तीन काढून दिल्यात आणि वर म्हणालात, "सुटतो का ते बघा आणि मला सांगा." तेव्हा सांगतो.

मार्क ट्वेन यांच्या 'हकलबरी फिन'मधला गुलाम जिम मिसूरीचा. मालकीण मिस वॉटसन आपल्याला ८०० डॉलरला न्यू ऑर्लिन्सला विकणार, हे कानावर पडतं आणि तो पळतो. मिसिसिपीच्या दुसऱ्या काठावर इलिनॉय आहे, तिथे गुलामगिरी नाही. मग हा सरळ पलीकडे का जात नाही, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही तिथले त्या काळचे कायदे समजावलेत: काळ्या माणसाजवळ आपण स्वतंत्र असल्याचा कागद नसेल तर त्याला तिथेही पकडत. त्यात जिमवर ३०० डॉलरचं इनाम. म्हणून बेत असा की तराफ्यावरून इलिनॉयच्या दक्षिण टोकाच्या कैरो गावापर्यंत, जिथे ओहायो मिसिसिपीला मिळते तिथे, जायचं आणि तिथून आगबोटीने ओहायो नदीतून वर, आतल्या मोकळ्या राज्यांत. पण एका रात्री धुकं उतरतं, कैरो मागे पडतं, आणि तिथून पुढे नदी जिमला रोज आणखी दक्षिणेला, गुलामीच्या मुलखात खोल नेत राहते. मार्क ट्वेन याचा गाजावाजा करत नाही. नकाशावर बोट खाली सरकवत नेलं की पोटात गोळा येतो.

शेवटची प्रकरणं मात्र मला सहन होत नाहीत. (तुम्हाला ती आवडतात, ठाऊक आहे. भांडू कधीतरी.) मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली आहे, मृत्युपत्रात जिमला मोकळं करून गेली आहे, आणि हकचा मित्र टॉम सॉयर याला हे माहीत आहे. तरी तो जिमला खोपटात अडकलेला ठेवून सुटकेचा खेळ मांडतो आणि खेळ आटोपल्यावर, कैदी म्हणून निमूट राहिल्याबद्दल त्याच्या हातावर ४० डॉलर ठेवतो. वाटेत भेटलेल्या, राजा म्हणवून घेणाऱ्या एका भामट्याने जिमला विकलं होतं, तेही ४० डॉलरलाच! आकडा चुकून जुळला असेल असं मला वाटत नाही. इतकं पळूनही जिमची सुटका दुसऱ्याच्या कागदात बंद होती, आणि ते त्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' देताना तुम्ही बजावलंत, पहिली पानं कळली नाहीत तरी थांबू नका. गुलामीतून पळालेली सेथ ओहायो ओलांडून, म्हणजे गुलामीचा मुलूख मागे टाकून, सिनसिनाटीला सासूच्या घरी पोचते. तिथे तिला मोकळेपणाचे २८ दिवस मिळतात. मग मालकाकडची माणसं शेरीफला घेऊन अंगणात येतात, कारण १८५०च्या कायद्याने पळालेला माणूस मोकळ्या राज्यातही मालकाचाच राहतो. मुलं परत त्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून सेथ आपल्या लेकीला स्वतःच्या हाताने मारते. हे जिच्यावरून सुचलं ती मार्गारेट गार्नर १८५६च्या जानेवारीत गोठलेल्या ओहायोवरून चालत आली होती. गुलामगिरीचे विरोधकच तेव्हा म्हणत होते, तिच्यावर खुनाचा खटला भरा. कारण आरोपी ठरली असती तर ती निदान माणूस ठरली असती. पण ती मालमत्ता ठरली आणि परत पाठवली गेली.

मला मात्र सेथपेक्षा तिची सासू, बेबी सग्ज, जास्त आठवते. बेबी सग्जच्या मुलाने वर्षानुवर्षं रविवारी राबून तिला सोडवलं. नदीपार येते तेव्हा साठी उलटलेली, कंबर मोडलेली. आणि अचानक तिला दिसतं की हे हात आपले आहेत, छातीतली धडधड ऐकू येते, ती हसायला लागते. तिन्ही कादंबऱ्यांत खरं मोकळं वाटावं असं एवढंच एक पान मला सापडलं. पुढे अंगणातल्या त्या प्रकारानंतर तीच बाई अंथरूण धरते आणि रंगांशिवाय कशाचाही विचार करायचं सोडून देते.

कोल्सन व्हाइटहेड यांच्या 'द अंडरग्राउंड रेलरोड'बद्दल थोडक्यात, कारण ती मी एका दमात संपवली. पळालेल्या गुलामांना मदत करणाऱ्या लोकांच्या गुप्त जाळ्याला 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणत; या कादंबरीत ती खरीच भुयारी रेल्वे आहे. गुलामीतून पळालेली कोरा प्रत्येक स्टेशनावर उतरते आणि तिथे नव्या तऱ्हेचा पिंजरा असतो. दक्षिण कॅरोलिनात स्वच्छ वसतिगृह, शाळा, पगार, आणि बायकांची नसबंदी करू पाहणारे डॉक्टर. उत्तर कॅरोलिनात माळ्यावर लपून काढलेले महिने. त्या पानात तुमची चिठ्ठी होती, "हॅरिएट जेकब्स वाचा." वाचलं. गुलामीतून पळून पुढे आत्मकथा लिहिणाऱ्या त्या बाईंनी खरोखरच आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं काढली होती. १८५२ मध्ये, त्या जिच्या घरी नोकरीला होत्या त्या बाईने ३०० डॉलर भरून त्यांना सोडवलं, तर न्यूयॉर्कसारख्या मोकळ्या शहरात आपली विक्री झाली याचाच त्यांना संताप आला. असा संताप कादंबरीत कुणी लिहिला असता तर लोक म्हणाले असते, उपकाराची जाण नाही.

एक गोष्ट तुमच्याच कपाटाने दाखवली. जोतीरावांची 'गुलामगिरी' १८७३ची. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ती अर्पण केली, आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. 'बिलव्हेड' सुरू होते तेही १८७३ मध्येच. कायद्याने सुटून सेथला आठ वर्षं झालीत आणि ती मारलेल्या लेकीच्या भुतासोबत त्याच घरात राहते आहे. जोतीरावांची कृतज्ञता खोटी होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. दोन्ही पुस्तकं तुम्ही शेजारी शेजारी ठेवावीत, एवढीच विनंती.

आणि आता ऑक्टेव्हिया बटलर यांची 'किंड्रेड' हवी आहे. तिची नायिका १९७६च्या कॅलिफोर्नियातून पुन्हा पुन्हा मागे, मेरीलँडच्या गुलामीत ओढली जाते, असं तुम्हीच म्हणाला होतात. आपल्याकडे नसेल तर जिल्हा ग्रंथालयातून मागवता येईल का? वर्गणी भरलेली आहे.

आपला,
एक सभासद