तालमीतला मारुती आणि पीचच्या टोपल्या

संपादक महोदय,

आमच्या तालमीत मारुतीच्या पाया पडल्याशिवाय लाल मातीत कुणी उतरत नसे. परवा नातू म्हणाला, "आजोबा, खेळात देव कशाला?" मी त्याच्याच बास्केटबॉलकडे बोट दाखवलं. धर्मशास्त्र शिकलेल्या जेम्स नेस्मिथने तो डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या स्प्रिंगफील्डमधल्या प्रशिक्षण शाळेत काढला. सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या. चेंडू आत पडला की शिडी लावा! व्हॉलीबॉलही वायएमसीएच्याच मॉर्गनचा, १८९५ चा. त्याच देशात पूर्वी प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या लोकांना रविवारचा खेळ पाप वाटे. पुढे कसलेलं शरीर हीच ख्रिस्तसेवा मानणारे निघाले. आमच्या वस्तादांना ते लगेच पटलं असतं. नातवाला शिडीच तेवढी आवडली.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)