तुझी आठ मिनिटांची क्लिप, आणि आपल्या शेतातली डीपी

चिऊ माय,

तू गिटारवर वाजवलेल्या तुकड्याची क्लिप पाठवून चार दिवस झाले आणि पप्पांनी उत्तराला नुसता अंगठा पाठवला म्हणून फुगली असशील. पण ती उभ्या उभ्या ऐकायची गोष्ट नव्हती गं. काल रात्री मोटरीच्या पाळीला शेतात गेलतो, लाईट साडेबाराला येणार होती, तवर बांधावर बसून तुझे जुने हेडफोन लावले आणि दोनदा ऐकली.

आधी आवडलेलं सांगतो. सुरुवातीला तू व्हॉल्यूमचं बटण शून्यावर ठेवून तार छेडतेस आणि मग करंगळीनं हळूच आवाज उघडतेस ना, त्यामुळं छेडल्याचा टण आवाज येतच नाही, सारंगीवर गज फिरवल्यासारखं वाटतं. हे लई झ्याक. आम्ही ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटारवर हेच पायाच्या पेडलनं करायचो.

पण दोन मिनिटांनी पाऊस सुरू होतो तो नेटवरून उतरवलेला आहे, लगेच कळलं. तो दाट झाडीत पडणारा पाऊस आहे, धो धो, न थांबणारा. आपल्याकडं जुलैत काय होतं तूच सांग. आभाळ भरून येतं, वारं सुटतं, पत्र्यावर आठ-दहा टपोरे थेंब ताड ताड वाजतात, तुझी आई गोवऱ्या झाकायला पळती, आणि झालं, आभाळ गेलं पुढच्या तालुक्यात. तू तुकड्याचं नाव पाऊस ठेवलंस पण आपल्या वाट्याला येतं ते पावसाची वाट बघणं, आणि ते गिटारवर येतं की, त्याला सॅम्पल कशाला लागतंय. आख्खा कॉर्ड, सगळे सूर एकदम, वाजवू नको. दोन सूर वाजव आणि गप बस, डिले म्हणजे मागनं येणारा प्रतिध्वनी विरू दे, पार विरला की मग तिसरा. आणि शेवटाला सा वर यायची घाई करू नको, आलीच नाहीस तरी चालतंय.

डिलेचं पण बोलायचंय. तू स्क्रीनशॉट पाठवलतास, टेम्पो मिनिटाला 72 मात्रा आणि डिले 625 मिलिसेकंद, म्हणजे पाऊण मात्रा. हिशोबाला बरोबर आहे पण त्यानं सगळं कवायतीसारखं चालायलंय. आमच्या इको मशीनमध्ये टेपचा गोल पट्टा फिरायचा, एक हेड आवाज भरायचं आणि पुढचं हेड तोच वाजवायचं, टेप सेकंदाला 19 सेंटिमीटर पळत असली आणि दोन हेडांत 6 सेंटिमीटरच्या आसपास अंतर असलं की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात आवाज परत यायचा. गंमत अशी की प्रत्येक फेरीला तो जरा मळायचा, वरची चकाकी जायची, पट्टा जुना असला तर थरथरायचा सुद्धा. तुझा डिले पहिल्या फेरीला जितका स्वच्छ तितकाच दहाव्या फेरीला, म्हणून तो लांब गेल्यासारखा वाटत नाही. फीडबॅकच्या वाटेत, म्हणजे आवाज फिरून परत डिलेत शिरतो तिथं, हाय कट म्हणजे वरचा तीक्ष्ण आवाज कापणारा फिल्टर लाव, प्रत्येक फेरीला थोडं कापत जाईल असा. तू त्या गिटारवाल्या रॉबर्ट फ्रिपचं सांगितलंतस ना, 1973 च्या त्या रेकॉर्डात ब्रायन इनोनं दोन टेप मशीनं लांब ठेवून एकाच टेपनं जोडली आणि फ्रिप एकटा बसून थरावर थर चढवत गेला. ते वाचून मला आमचा ऑर्केस्ट्राचा मालक आठवला. कुठं अर्धा सेकंद मोकळा राहिला की स्टेजवरच डोळे वटारायचा, भर ना रे काहीतरी. बारा वर्षं भरतच राहिलो. माझ्या हाताची ती खोड अजून जात नाही आणि तुझ्या पाचव्या मिनिटाला तीच ऐकू आली, म्हणून एवढं लांबड लावायलोय.

आता खरी गोष्ट. साडेबाराला लाईट आली आणि डीपी, आपला विजेचा ट्रान्सफॉर्मर, गुणगुणायला लागली. हेडफोन काढला तर डोक्यात तुझं गिटार चालूच आणि बाहेर हा गुंऽऽ, अगदी तंबोरा. तू मोबाईलात ट्यूनरचं ॲप टाकून दिलतंस ते डीपीच्या जवळ धरलं तर जी दाखवायलं, जरासा चढा. मग डोक्यात आलं, आपली वीज 50 हर्ट्झची, डीपीतलं लोखंड एका फेऱ्यात दोनदा ताणतं, म्हणजे गुणगुण 100 ची. आणि गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा तिसरा पडदा 98 चा! सकाळी तुझं जुनं गिटार काढलं, मोबाईलवरचं डीपीचं रेकॉर्डिंग हेडफोनवर लावलं आणि तो पडदा वाजवला, तर सेकंदाला दोन असे हेलकावे, वॉव वॉव वॉव, तार जरा चढवली की थांबायलेत. तुझ्या आईनं विचारलं येड लागलं का.

गिटारवाल्या ब्रिजभूषण काब्रांची कॅसेट तू लहानपणी घरात ऐकलीस, कॉल ऑफ द व्हॅली, 1967 ची, संतूर शिवकुमारांचं आणि बासरी हरिप्रसादांची. काश्मिरातल्या धनगराचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. दिवस ज्याचा त्याचा असतो, तुझा पण बांधावरच्या रात्रीपासून सुरू कर की, डीपी सा धरून बसलीच आहे.

दिवाळीला येशील तेव्हा रेकॉर्डर घेऊन ये, वेरूळला दहा नंबरच्या लेणीत जाऊ, सुताराची झोपडी म्हणतात ती. आत एक टाळी वाजवली की दगडी फासळ्यांच्या छतात किती वेळ फिरत राहती बघ. तीच टाळी रेकॉर्ड करून तुझ्या त्या कॉन्व्होल्युशन रिव्हर्बमध्ये, म्हणजे एखाद्या जागेचा घुमारा आवाजाला चढवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकली की तुझं गिटार त्या लेणीत वाजेल. फक्त मंगळवार धरू नको, वेरूळ बंद असतं. आणि गर्दीच्या आधी सकाळी सकाळीच जावं लागेल, नाहीतर प्रत्येकजण तिथं टाळ्याच वाजवत असतो.

डीपीची क्लिप सोबत पाठवतोय. हेडफोन लावूनच ऐक, मोबाईलच्या स्पीकरवर गुं येतच नाही. मधी शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकलंय, ते कापू नको.

तुझे पप्पा