तुरीच्या रकान्यात डाळीचा भाव

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मोबाईलवरचे बाजारभाव फेकू असतात हे वाक्य आमच्या बसस्टँडवरच्या टपरीवर दिवसातून चार खेपा ऐकू येते. तुमचा पेपर पण सकाळी तिथंच येतो, मग लोकं त्यातली बाजारभावाची चौकट पाहतात अन म्हणतात हे पाहा, पेपरात वेगळा, मोबाईलात वेगळा. मी गुपचाप चहा पितो. कारण त्यातला एक मोबाईलवाला भाव मीच टाकतो अन तो खरंच दोन महिने चुकीचा जाऊन राहिला होता, म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

मी आमच्या शेतकरी गटाचं कॉम्प्युटरचं काम पाहतो. बीसीए झालं, पुण्याला दीड वर्ष काढलं, आता घरी सात एकर अन संध्याकाळी लॅपटॉप. काम एवढंच की रोज रात्री गटातल्या लोकांना व्हॉट्सॲपवर भाव पाठवायचा. डेटा डॉट जीओव्ही डॉट इन या भारत सरकारच्या साइटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयनं, म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडून थेट माहिती मागायच्या सोयीनं, फुकटात भेटतात, रजिस्टर करा, स्वतःची ‘की’ (पासवर्डसारखा कोड) घ्या, झालं. साइटवर एक नमुन्याची ‘की’ पण असते पण तिच्यावर एका खेपेला १० च ओळी येतात. मला ते माहीत नव्हतं, वाटलं आज महाराष्ट्रात दहाच ठिकाणी माल आला असेल. हसू नका, पोळ्याच्या आसपासचे दिवस होते, पटलं मला.

येणाऱ्या प्रत्येक ओळीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, प्रत, तारीख अन मग तीन दर असतात. कमीत कमी, जास्तीत जास्त अन मोडल. मोडल म्हणजे तुम्ही चौकटीत ‘सर्वसाधारण’ छापता तो, ज्या दरानं जास्त माल गेला तो, सगळे क्विंटलचे. तिकडून तीन दर येऊन राहिले अन मी कॉम्प्युटरमधल्या आमच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, रकाना बनवला एकच, नाव ‘भाव’, अन त्याला जोडला जास्तीत जास्त दर. काही खोल विचार करून नाही जोडला, शेतकऱ्याला आकडा चांगला दिसला पाहिजे एवढंच डोक्यात होतं.

मग आमच्या गावातले एक काका छोटा हत्ती भाड्यानं करून बावीस कट्टे सोयाबीन घेऊन जवळचा बाजार सोडून लांबच्या बाजारात गेले, कारण माझ्या मेसेजमध्ये तिथं चारशे रुपये जास्त दिसत होते. तो दर एखाद्या वाळलेल्या, चाळणी मारलेल्या ढिगाला भेटला असेल. काकांच्या मालात ओलावा होता, हर्रासात बोली आली ती पार खाली, वरून भाडं. संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले, म्हणे, “काहून रे भाऊ, तुह्या मोबाईलात तं लय होता, मंग मले काहून नाई देल्ला?” मी आधी अडत्यालाच शिव्या दिल्या. रात्री टेबल उघडलं तेव्हा समजलं की शिव्या कोणाला द्यायच्या होत्या.

आमच्या गल्लीत आबाजी आहेत, बाजार समितीत मापारी म्हणून जिंदगी गेली त्यांची. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप अन एक दोनशे पानी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. वहीत डावीकडे एपीआय काय नाव देते ते, उजवीकडे आमच्या टेबलात ते कुठं जाते ते. आबाजींना एपीआय म्हणजे काय ते काही समजत नाही पण पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी तुरीवर बोट ठेवलं. “तूर एका रात्रीतून येवढी नाई चढत बापू, हे डाळ हाय.” अन डाळच होती! मी लिहून ठेवलं होतं की नावात ‘तूर’ दिसली की ओळ उचल, अन सरकारी यादीत तुरीचं नाव अरहर, कंसात तूर, अन तुरीची डाळ हा वेगळा शेतमाल, त्याच्याही कंसात तूर डाळ. दोन्ही ओळी उचलल्या जायच्या, मागून येईल ती पहिलीला पुसून बसायची. हे मला पुण्यात कोणी शिकवलं नसतं.

पुसून बसायचं दुखणं कापसातही होतं, एका बाजारात एकाच दिवशी कापसाच्या दोन-तीन जाती असतात, मी ओळ ओळखायला फक्त बाजार अन शेतमाल धरला होता. आता बाजार, शेतमाल, जात, प्रत, तारीख हे पाचही मिळून एक ओळ धरतो. जिल्ह्यांच्या नावाची तर गंमतच आहे. इंग्रजीत त्या यादीत अमरावतीत एक ए जास्तीचा, वाशिम डब्ल्यूच्या जागी व्हीनं सुरू होते, अन आमचा तालुका कागदावर केळापूर, गाव पांढरकवडा. जनगणनेसारखे कोड असते तर बरं होतं, २०११ च्या जनगणनेत यवतमाळ ५१०, वर्धा ५०४, अमरावती ५०३, कोणी स्पेलिंग कशीही लिहो. पण या एपीआयमध्ये कोड येतच नाही, नावच येते, म्हणून वहीतलं पान आता वेगळं टेबल केलं, एका बाजूला त्यांचं नाव, दुसऱ्या बाजूला आपलं. टेबलात नसलेलं नाव आलं तर प्रोग्राम अंदाज करत नाही, ओळ बाजूला ठेवतो अन मला मेसेज करतो.

तारखेनं सगळ्यात जास्त फसवलं. तिकडून दिवस, महिना, वर्ष असं येते, माझा प्रोग्राम आधी महिना मग दिवस असं वाचत होता. १३ तारखेपासून पुढं तेरावा महिना नसतो म्हणून एरर यायची, ती दिसली, ती मी दुरुस्त केली समजा. पण १ ते १२ तारखेच्या ओळी चुपचाप आत गेल्या होत्या, ५ नोव्हेंबरचा ११ मे होऊन. मे महिन्यात नव्या सोयाबीनची आवक दिसत होती राजेहो, अन मी त्याचा ग्राफ काढून गटाच्या मीटिंगमध्ये दाखवला होता.

रिकाम्या दराच्या जागी शून्य टाकायची चूक पण केली होती, आठवड्याची सरासरी धाडकन पडायची. ते जाऊ द्या.

हे फक्त भावापुरतं असतं तर मी पेपरात लिहिलं नसतं. गटाच्या सभासदांची यादी दुसरीकडून आली तिच्यात जमिनीचा गट नंबर १२/२ चा एक्सेलनं १२ फेब्रुवारी करून ठेवला होता. बँक खात्याचा रकाना आकड्याचा ठेवला की सुरुवातीचे शून्य गळून जातात, मग पैसे परत येतात अन माणूस बँकेच्या चकरा मारतो. क्षेत्राचं तर विचारू नका, १ हेक्टर ५ आर कोणीतरी १.५ असं टाकलं, झालं दीड हेक्टर, कागदावर एकराच्या वर जमीन फुकटात. ज्यानं टाकलं त्याला आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग हेच माहीत नसेल. अशी यादी पुढं विम्याला, अनुदानाला जाते अन शेवटी शेतकऱ्याला खिडकीवर सांगतात की सिस्टीममध्ये मॅच होत नाही. सिस्टीम कोणी देवानं पाठवली नाही, कोणीतरी माझ्यासारख्यानंच बसून हा रकाना त्या रकान्याला जोडला असते.

म्हणून ॲप बनवणाऱ्यांना, सरकारी असो का खासगी, एकच म्हणणं आहे की भावाच्या खाली तो तीनातला कोणता दर, कोणत्या जातीचा, कोणत्या तारखेचा हे बारीक अक्षरात का होईना लिहा. अन तिकडून आलेली मूळ ओळ जशीच्या तशी एका बाजूला ठेवा. मी ती ठेवली नव्हती, म्हणून मला दोन महिन्यांचा डेटा पुन्हा गोळा करावा लागला.

अन साहेब, तुम्हालाही एक विनंती. तुमच्या चौकटीत कापसासमोर कधी जात असते कधी नसते, अन सोमवारच्या अंकात दर शनिवारचे का आणखी कोणत्या दिवसाचे ते कळत नाही. तेवढी जात अन तारीख रोज छापा. आबाजी सकाळी पेपर घेऊन माझा रात्रीचा मेसेज तपासतात, परवा या एका गोष्टीवरून आमचं अर्धा तास भांडण झालं.

आपला,
एक वाचक
ता. केळापूर, जि. यवतमाळ